चौथा माइक

विहिरीची मला पहिल्यापासून भीती. हे सांगितलं की लोक हसतात. जिचं अर्धं आयुष्य माइकच्या वायरी गुंडाळण्यात गेलं ती बाई कसली भित्री, असं त्यांना वाटतं. पण मी भित्रीच, आणि वरून तापट. हे मिश्रण फार वाईट. नुसतं भित्रं माणूस गप्प बसतं तरी. मी घाबरले की हुकूम सोडायला लागते, आणि त्या दिवशी मी तेच केलं.

सक्करदऱ्याला आमचं रेडिओ दुरुस्तीचं आणि माइक भाड्याने देण्याचं दुकान होतं. आमचं म्हणजे ह्यांचं. लग्नं, बारशी, सभा, सगळीकडे भोंगे लावून लावून ह्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यात सतत शिट्टी वाजायची. म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे आलं. मी उमरेडच्या विणकराची मुलगी. घरात चार माग खटखटायचे आणि मी ओसरीत भाजी निवडत, मान वर न करता, कोणत्या मागावर सूत तुटलं ते सांगायची. वडील म्हणायचे, पोरीचे कान कुत्र्याचे आहेत. लग्नानंतर ह्यांना ते कळलं आणि ह्यांनी त्या कानांना एक दिवस सुट्टी दिली नाही.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. कोणाकडून तरी एक परदेशी मासिक ह्यांच्या हाती लागलं आणि त्यातून ह्यांच्या डोक्यात भूत शिरलं: ऐकणाऱ्याच्या चार कोपऱ्यांत चार खोकी ठेवायची आणि आवाज त्याच्याभोवती फिरवायचा. आता हौसेला मोल नसतं म्हणतात, पण माझ्या जिवाला तरी असावं ना? रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या पाइपात ह्यांनी मला रांगत घातलं. एकदा धुवायला उभ्या केलेल्या तेलाच्या रिकाम्या टँकरमध्ये उतरवलं आणि वरून म्हणाले, काहीतरी बोल. मी बोलले, आणि माझाच आवाज माझ्या मागून आला. मी किंचाळले तर चारी बाजूंनी बायका किंचाळल्या. ह्यांना ती टेप फार आवडली. पुढे महिनाभर पाहुण्यांना ऐकवत होते.

अशात एका कॉलेजच्या नृत्यनाटिकेचं काम आलं. त्यात पाताळाचा प्रवेश होता. बसवणाऱ्या बाईंना पाण्याच्या आतला आवाज हवा होता, आणि कोणीतरी त्या पाण्यात प्रेक्षकांभोवती फेरी घालत दगड ठोकतंय असं ऐकू यायला हवं होतं. हे ऐकून आमच्याकडे जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. ह्यांनी फुटबॉलच्या आतले रबरी ब्लॅडर आणले, एकेका ब्लॅडरमध्ये एकेक माइक घातला, तोंडं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली, वरून मेण लावलं आणि खाली वाण्याकडची किलोकिलोची मापं बांधली, कारण नाहीतर ते तरंगत होते. मोरीतल्या टाक्यात एक माइक सोडून मला हेडफोन लावायला दिला. मी ऐकलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. टाक्यात नुसतं पाणी होतं, तरी आत काहीतरी टिकटिकत होतं, घोगरं काहीतरी श्वास घेत होतं. हे म्हणाले, ते शेजारच्या नळाचं आहे. असेल.

तेव्हा नंदनवनच्या पुढे घरं नव्हती, वांग्या-मेथीचे मळे होते. तिथल्या एका माळ्याची मोठी दगडी बांधणीची विहीर ठरली. थंडीचे दिवस, विहिरीला तीन पुरुष खोल पाणी. माळ्याने दुपारपुरतं इंजिन बंद ठेवायचं कबूल केलं. पाण्यात उतरून दगड ठोकायला एक ढीवर काका आले, मासेमारी करणाऱ्यांपैकी. विहिरीत पडलेल्या बादल्या, घागरी, पंप, असं जे जे बुडेल ते काढून देण्यात त्यांची हयात गेली होती. पन्नाशीचे, बारीक, छातीचा भाता मात्र एखाद्या लोहाराकडे असावा तसा. त्यांच्याबरोबर मावशी, म्हणजे त्यांची बायको, होत्या. त्या आल्या तशा काठावर पाय सोडून बसल्या आणि त्यांनी दोरी मांडीवर घेतली.

ती दोरी काकांच्या कमरेला असायची आणि दुसरं टोक कायम मावशींच्या हातात. दुसऱ्या कोणाला त्या ते धरू देत नसत, सख्ख्या मुलालाही नाही. त्यांची एक रीत होती. काका दम भरून खाली गेले की मावशीही वर दम धरायच्या. तो संपला की सोडायच्या आणि दुसरा धरायच्या. दुसरा दम सरला की ओढायचं, मग खाली काहीही सापडलेलं असो. माझ्याकडे घड्याळ होतं, ते मी कौतुकाने दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि पुन्हा दोरी हातात घेतली.

चार माइक चार दिशांना सोडले. पहिला पायऱ्यांकडे, दुसरा आणि तिसरा पुढे, चौथा इंजिनाचा लोखंडी पाइप खाली उतरतो तिथे. चौघांच्या वायरी काठावर ह्यांनी बनवलेल्या लाकडी पेटीत आल्या होत्या. तिला चार खुंट्या, एकेका माइकचा आवाज कमीजास्त करायला. तिथून दोन टेपरेकॉर्डर, एक आमचा, एक मागून आणलेला. हेडफोन माझ्या कानाला. माझी जागा अगदी काठावर, कारण वायरी पुरत नव्हत्या. खाली पाहिलं की हिरवं काळं पाणी, आत काही दिसत नाही, आणि कानांत मात्र त्याच पाण्याच्या पोटातलं सगळं ऐकू येतंय. डोळ्यांना एक आणि कानांना भलतंच. किडे कटकटत होते, दगडांमधून कुठेतरी झरा आत शिरत होता. मला एवढंच कळत होतं की हे लवकर आटपावं आणि मी घरी जावं.

आमचा एक नियम होता. मी हात वर केला की टेप चालू. मग कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, जागचं हलायचं नाही. हात खाली येईपर्यंत सगळ्यांनी दगड व्हायचं. हे ह्यांनीच शिकवलेलं आणि मी ते फार कडक पाळायची. कार्यक्रमात मोठमोठी माणसं माझ्या हाताकडे बघून थांबायची, त्याचा मला थोडा माजही होता.

काका दोन्ही हातांत गोटे घेऊन उतरले. त्यांनी तळाशी भिंतीच्या कडेकडेने पहिल्या माइकपासून चौथ्यापर्यंत जायचं आणि वाटेत गोट्यावर गोटा सावकाश ठोकायचा. पहिल्यांदा ते गेले आणि चारही माइकांत एकच आवाज भरला, घस्स, घस्स. दोरी काठाच्या दगडावर घासत होती. दुसऱ्यांदा दोरीखाली पोतं घातलं. तरी घस्स. तिसऱ्यांदा मावशींनी दोरी हातावर तोलून धरली, तर त्यांच्या बांगड्या वाजल्या. हे म्हणाले, जाऊ दे, थोडा दोरीचा आवाज आला तर काय बिघडतं, पाताळात दोरी नसते असं कोणी लिहून ठेवलंय? मी त्यांच्यावरच उखडले. तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही नका सांगू, असं सगळ्यांदेखत म्हणाले. आणि काकांना म्हटलं, दोरी सोडा.

ते मावशींकडे पाहू लागले. मी घाईघाईने समजावलं, की मला पाण्यातलं सुईएवढंसुद्धा ऐकू येतं. काही लागलं तर तुम्ही गोटे लागोपाठ तीनदा ठोका, तीनच, जलद. मी लगेच ओरडेन. काकांनी थोडा विचार केला, कमरेची गाठ सोडली आणि हसून म्हणाले, "म्हंजे आता दोरी तुमच्या कानात हाय, बाई."

मी हो म्हटलं. आजही ते हो मला ऐकू येतं.

काका खाली गेले. मी हात वर केला. मावशींनी रिकाम्या दोरीचं वेटोळं मांडीवर ठेवलं आणि दम धरला. कानांत शांतता आली, खरी, स्वच्छ शांतता, पहिल्यांदाच. मग पहिल्या माइकात ठोका. गोल, ओला, मोठा. मग दुसऱ्यात. आवाज सरकत होता. माझ्या डोक्याच्या मागून तो तिसऱ्यात गेला, आणि मला वाटलं, जमलं, आता एकच राहिला. चौथ्यात ठोका आला आणि लगेच खरखर सुरू झाली. खर्र, खर्र, कट, खर्र. ब्लॅडरमध्ये पाणी शिरलं असणार. चौथा माइक मेला म्हणून मी मनातल्या मनात शिवी दिली आणि डाव्या हाताने चौथी खुंटी पार खाली केली. उजवा हात वरच होता.

मग ठोके पुन्हा आले. उरलेल्या तीन माइकांत, दुरून. दोन, मग एक, मग चार एकदम, मग पाच, मग बराच वेळ काही नाही, मग एक. जणू विहिरीला तळच नव्हता आणि कोणीतरी फार खालून ठोकत होतं. इतका सुंदर आवाज मी तोवर कधी टेपवर घेतला नव्हता. मी डोळे मिटले. मला नीट आठवतं, त्या सबंध दिवसात मी तेवढा वेळच काय ती घाबरलेली नव्हते.

समोर काहीतरी हललं म्हणून डोळे उघडले. मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या तोंड उघडत होत्या. मी चिडून हात आणखी वर केला, बोटं ताणली. त्या क्षणभर थांबल्यासुद्धा. थांबल्या, कारण मी हात केला होता. मग त्या सरळ माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, हात खाली करा."

मी त्यांचा चेहरा पाहिला. मी म्हणाले, अहो, ठोकतायत ते, तीन नाही आले अजून. मावशींनी ते पुरतं ऐकलंच नाही. लुगड्याचा काचा आवळून त्यांनी विहिरीत उडी घेतली. पाण्याचा तो धडाका तीन माइकांतून माझ्या डोक्यात फुटला.

त्या वर आल्या, पुन्हा खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. हात रिकामे. गढूळलेल्या पाण्यात त्यांना काही दिसत नव्हतं, आणि उरलेला वेळ आता फार थोडा होता हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. त्या मला काही विचारत नव्हत्या. पण मला कळलं की आता वर असलेल्या माणसांपैकी तो माणूस कुठे आहे हे फक्त मला सांगता येईल. मी एकेक खुंटी फिरवू लागले. पहिला, काही नाही. दुसरा, मावशींच्या पायांची खळबळ. तिसरा, काही नाही. चौथी खुंटी वर केली. खरखर होती. पण ती आता हळू झाली होती, आणि खरखरीच्या आत माणसाची नखं रबरावर ओढली जात होती. पाणीबिणी काही शिरलेलं नव्हतं. तो माइक अगदी ठणठणीत होता.

मी ओरडले, इंजिनाकडे, पाइपाच्या बुडाशी. हे धावत गेले आणि चौथी वायर ओढू लागले. खालून मावशी गरजल्या, ओढू नका. वायर काकांच्या घोट्याला आणि पाइपाला मिळून गुंडाळली गेली होती, ओढली की आवळायची. माळ्याने वरून विळा टाकला, तो त्यांनी पाण्यातच झेलला आणि त्या खाली गेल्या. मी हेडफोन काढायला हवा होता. काढला नाही. विळा वायरीवर घासल्याचा आवाज आला, दोनदा, तीनदा, आणि चौथा माइक एकदम बंद झाला. कानांत काही म्हणजे काही उरलं नाही. मला वाटलं, गेले. मी काठावरून वाकत गेले. ह्यांनी मला मागे ओढलं नसतं तर मी तशीच आत पडले असते.

दोन डोकी वर आली. त्यातलं एक मागे लोंबत होतं.

काकांच्या पोटातून पाणी निघालं, छातीही हलू लागली, पण डोळे उघडेनात आणि डाव्या कानातून रक्त येत होतं. माळ्याच्या भाजीच्या बंडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. बैल पळत होते आणि मला ते चालतायत असं वाटत होतं. मावशी ओल्या लुगड्याने त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गेल्याशिवाय सांगता येत नाही.

ते दोन दिवस आणि पुढचे दोन कसे काढले ते माझं मला ठाऊक. पोळी तव्यावर टाकायची आणि जळेपर्यंत बघत राहायची. दारात कोणाची सावली पडली की वाटायचं, निरोप आला. तिसऱ्या दिवशी माळ्याने सांगितलं की काकांनी डोळे उघडले, डाव्या कानाने मात्र ऐकू येत नाही, आणि उद्या घरी सोडणार आहेत. मी देवापुढे बसून ढसाढसा रडले. आणि रडून झाल्यावर दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा लहान नव्हती. ते विचारणार.

ह्यांनी माझ्या मनातलं ओळखलं. म्हणाले, "हे बघ, चौथा माइक बिघडला होता, एवढंच सांगायचं. यंत्र आहे, बिघडतं. त्यांचं काही कमी होत नाही आणि तुझं वाचतं." मी मान हलवली. मला ते हवंच होतं.

पण त्याच दुपारी दुकानात कोणी नसताना मी टेप लावली. मला खात्री करायची होती की तीन ठोके खरंच नव्हते. नव्हतेच. दोन होते, एक होता, चार होते, पाच होते. मी ऐकत बसले. घाबरलेला माणूस मोजून ठोकत नाही हो. मला भीतीतलं सगळं कळतं अशी माझी समजूत, आणि एवढी साधी गोष्ट मला कळू नये? मी तिथे वर बसून बिनचूक तिनाची वाट पाहत होते आणि तो माणूस हातात येईल तसं ठोकत होता.

घरी आणल्यावर आम्ही त्यांना भेटायला गेलो. मी पिशवीत संत्री घेतली होती, ती पिशवी मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. काका खाटेवर उशाला टेकून बसले होते. पायाच्या घोट्याला पट्टी. मावशी खाली जाळं दुरुस्त करत होत्या. आम्हाला बसायला दिलं, चहा दिला. काका उजवा कान आमच्याकडे करून बसले. माळ्याची वांगी कशी आलीत वगैरे बोलणं झालं. मग त्यांनी विचारलंच, आणि अगदी सरळ विचारलं, रागाने नाही. "मी ठोकून राह्यलो होतो, बाई. आयकू नाही आलं काय तुमाले?"

ह्यांनी लगेच सुरुवात केली, चौथा माइक, त्याचं काय झालं... मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येत होतं," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. खरखर, खाली केलेली खुंटी, तिनाची वाट, मिटलेले डोळे. आवाज चांगला येत होता हेसुद्धा सांगितलं. सांगताना वाटत होतं आता हाकलून देतील, आणि हाकलावंच. काका खाली आपल्या पट्टीकडे पाहत राहिले. बाहेर कोणाचं तरी पोर टायर पळवत गेलं.

मावशींनी जाळं बाजूला ठेवलं. कानाला ते काय लावलं होतं तुम्ही, असं त्यांनी विचारलं. मी हेडफोनचं सांगितलं. त्यातून खालचं सगळं ऐकू येतं का, कोणालाही येतं का, म्हणाल्या. कोणालाही येतं, मी म्हटलं, फक्त कानाला लावायचं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"मंग ते माह्याजवळ काहून नाही देलं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे माझ्याकडे. माइक कुठे सोडायचे, मेण किती लावायचं, मापं किती किलोची, ह्यावर आम्ही पंधरा दिवस वाद घातला होता. जिच्या हातातून दोरी काढून घेतली तिच्या कानाला हेडफोन द्यावा, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.